सिनायची पोथी आणि टिशेनडॉर्फ

नव्या कराराची ग्रीक भाषेतील चिकित्सक आवृत्ती उघडली, की प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेदांच्या दाट ओळी दिसतात. त्या ओळींत हिब्रू वर्णमालेतील पहिले अक्षर, आलेफ, पुनःपुन्हा आढळते. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मठात सापडलेल्या चौथ्या शतकातील एका पोथीची ती खूण आहे. ती पोथी जगापुढे आणणारा आणि तिला ही खूण बहाल करणारा जर्मन पंडित म्हणजे कॉन्स्टंटीन टिशेनडॉर्फ. ज्या काळात युरोपातील विद्वानच बायबलच्या विश्वसनीयतेवर प्रश्नचिन्ह लावू लागले होते, त्या काळात या पंडिताने धर्मग्रंथाच्या रक्षणाचा विडा उचलला. त्यासाठी त्याने व्यासपीठावरील वाग्युद्धापेक्षा जीर्ण चर्मपत्रांचा मार्ग पत्करला. त्या मार्गाने त्याला मोठे यश दिले, अपकीर्तीचा डाग दिला आणि त्याच्या श्रद्धेची कठोर परीक्षाही घेतली.

टिशेनडॉर्फचा जन्म १८ जानेवारी १८१५ रोजी सॅक्सनीतील लेंगेनफेल्ड या छोट्या गावी झाला. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. त्याच्या नावाच्या आरंभी लोबेगॉट असा शब्द होता. देवाची स्तुती कर, असा त्याचा अर्थ. प्लाउएन येथील शाळेत ग्रीक आणि लॅटिनचा भक्कम पाया घालून १८३४ साली तो लाइपझिग विद्यापीठात दाखल झाला. तेथे नव्या कराराच्या ग्रीक व्याकरणाचे प्रख्यात अभ्यासक गेओर्ग बेनेडिक्ट विनर यांच्या हाताखाली त्याला शब्दाशब्दाची पारख करण्याचे शिक्षण मिळाले. एखाद्या वाक्यावरून सिद्धांत उभारण्यापूर्वी ते वाक्य मुळात तसेच होते काय, हे पाहण्याची सवय त्याला येथे लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही.

त्याच्या विद्यार्थिदशेतच जर्मनीत एक वादळ उठले. १८३५ साली डेव्हिड फ्रीड्रिख स्ट्राउस या तरुण अभ्यासकाने येशूचे चरित्र प्रसिद्ध केले. शुभवर्तमानांतील चमत्कारांच्या कथा म्हणजे आरंभीच्या भाविक समाजाच्या मनातून आकाराला आलेल्या पुराणकथा होत, अशी त्याची मांडणी होती. त्याचे गुरू, ट्यूबिंगेन विद्यापीठातील फर्डिनांड क्रिस्टियान बाउर यांनी हा विचार इतिहासाच्या अंगाने पुढे नेला. पेत्राचा पक्ष आणि पौलाचा पक्ष यांच्यातील आरंभीच्या संघर्षातून ख्रिस्ती ग्रंथ घडले, असे ते सांगत. योहानाचे शुभवर्तमान तर त्यांच्या मते दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील होते. हे खरे मानले, तर ते शुभवर्तमान येशूच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिले गेले असे ठरे. मग प्रत्यक्षदर्शी शिष्यांच्या आठवणींशी त्याचा संबंध उरत नव्हता आणि ख्रिस्ती श्रद्धेचा ऐतिहासिक आधारच डळमळत होता.

दुसरी अडचण याहून जुनी होती. नव्या कराराचा जो ग्रीक पाठ युरोपभर प्रमाण मानला जाई, त्याचे मूळ १५१६ साली बासेल येथे इरॅस्मसने छापलेल्या आवृत्तीत होते. इरॅस्मसच्या हाताशी मोजकीच आणि बऱ्याच उत्तरकालीन हस्तलिखिते होती. प्रकटीकरणाच्या पुस्तकाचे शेवटचे पान तर त्याच्या प्रतीत नव्हतेच. लॅटिन भाषांतरावरून ते त्याने स्वतः ग्रीकमध्ये उतरवले होते. मूळ ग्रंथ आणि ही हस्तलिखिते यांच्यामध्ये हजार वर्षांची नक्कल पसरलेली होती. नक्कल करणाऱ्याचा डोळा चुकतो, एखादी ओळ गळते, समासातील टीप पुढच्या प्रतीत मजकुरात शिरते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना असंख्य पोथ्या ताडून पाहिल्या, त्यामागे हीच अडचण होती. टिशेनडॉर्फने ठरवले, की ग्रंथावरील आक्षेपांना उत्तर द्यायचे, तर आधी ग्रंथाचा जुन्यात जुना पाठ हाती यायला हवा. १८४० साली, पंचविशीत, त्याने ग्रीक नव्या कराराची आपली पहिली आवृत्ती सिद्ध केली आणि लगेच पॅरिसची वाट धरली.

पॅरिसच्या राजकीय ग्रंथालयात एक विलक्षण पोथी होती. पाचव्या शतकात तिच्यावर बायबलचा ग्रीक पाठ लिहिलेला होता. चर्मपत्र महाग असल्यामुळे बाराव्या शतकात कोणी तरी ती शाई खरवडून काढली आणि त्याच पानांवर सीरियातील संत एफ्रेमची प्रवचने ग्रीक भाषांतरात लिहिली. खालचा मजकूर वाचण्याचे प्रयत्न अनेकांनी सोडून दिले होते. शाई वर यावी म्हणून रसायने लावल्याने काही पाने डागाळली होती. टिशेनडॉर्फने जवळजवळ दोन वर्षे त्या पानांवर डोळे रोखून पुसट झालेले अक्षर न् अक्षर उलगडले. १८४३ साली नव्या कराराचा आणि १८४५ साली जुन्या कराराचा उपलब्ध भाग त्याने छापला. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या संशोधकाचे नाव त्या एका कामाने युरोपभर झाले.

तेथून तो रोमला गेला. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात चौथ्या शतकातील बायबलची एक अतिशय मौल्यवान पोथी होती. पण ती परक्या अभ्यासकांच्या हाती सहसा दिली जात नसे. पोप सोळावे ग्रेगरी यांची भेट मिळूनही त्याला ती पोथी अवघे सहा तास पाहता आली. या अनुभवाने त्याचे लक्ष पूर्वेकडे वळले. ग्रीक परंपरेचे प्राचीन मठ इजिप्त, पॅलेस्टाईन आणि सिनायच्या वाळवंटात अजून उभे होते. कोरड्या हवेत चर्मपत्रे टिकतात आणि मठांच्या कोठारांत कोणी फारसे डोकावलेले नसते, हे तो जाणून होता.

मे १८४४ मध्ये उंटांच्या तांड्यातून तो सिनायच्या सेंट कॅथरिन मठापाशी पोहोचला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेल्या या तटबंदीच्या मठात त्या काळी पाहुण्याला दोराने वर ओढून घेत. ग्रंथालयात त्याला एका टोपलीत मोठ्या आकाराची जुनी चर्मपत्रे दिसली. प्रत्येक पानावर चार स्तंभ होते आणि ग्रीक अक्षरे सुबक, ठसठशीत होती. तो जुन्या कराराचा ग्रीक पाठ होता आणि एवढे प्राचीन वळण त्याने क्वचितच पाहिले होते. ही पाने जाळण्यासाठी टोपलीत टाकलेली होती, असे टिशेनडॉर्फने पुढे लिहिले. मठाने ही हकिकत कधीच मान्य केली नाही. चर्मपत्र सहजासहजी जळत नाही आणि टोपल्यांत पोथ्या ठेवण्याची रीत जुनीच होती, असे आक्षेप अभ्यासकांनीही घेतले आहेत. काही असो, त्याला ४३ पाने मिळाली. त्याचा आनंद पाहून साधू सावध झाले आणि उरलेली पाने त्यांनी राखून ठेवली. ती ४३ पाने त्याने लाइपझिगला आणली, सॅक्सनीच्या राजाचे नाव देऊन १८४६ साली प्रसिद्ध केली आणि ती कोठे मिळाली हे मात्र गुप्त ठेवले.

१८५३ साली तो पुन्हा मठात गेला. त्या मोठ्या पोथीचा मागमूसही लागला नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील काही ओळींचा एक तुकडा तेवढा हाती आला. दुसरा कोणी असता तर थांबला असता. टिशेनडॉर्फने रशियाकडे मदत मागितली. सिनायचा मठ ऑर्थोडॉक्स पंथाचा आणि रशियाचा झार त्या पंथाचा सर्वांत बलाढ्य आश्रयदाता. झार दुसरे अलेक्झांडर यांच्या पाठिंब्याने १८५९ च्या जानेवारीअखेर तो तिसऱ्यांदा मठात उतरला. काही दिवस शोधूनही विशेष हाती लागेना, तेव्हा त्याने परतीसाठी उंट सांगून ठेवले. ४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मठाच्या कारभाऱ्याशी बोलत असता त्याने आपल्या खोलीतून लाल कापडात बांधलेले एक गाठोडे पुढे ठेवले. आत पंधरा वर्षांपूर्वी टोपलीत पाहिलेली पाने होती; शिवाय जुन्या कराराचा आणखी मोठा भाग होता आणि संपूर्ण नवा करार होता.

त्याखेरीज आणखी दोन प्राचीन ख्रिस्ती ग्रंथ त्यात निघाले. एक बर्नबाचे पत्र आणि दुसरा हर्मासचा मेंढपाळ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ, तोही अपूर्ण. त्या रात्री टिशेनडॉर्फ झोपला नाही. हातात आलेल्या पोथीतून त्याने आधी बर्नबाचे पत्र उतरवून घेतले. यामागे कारण होते. या पत्राचा आरंभीचा भाग तोवर फक्त लॅटिन भाषांतरात ज्ञात होता. त्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातील एक वचन येते आणि ते धर्मशास्त्रात लिहिलेले आहे, अशा अर्थाचे शब्द त्याला जोडलेले आहेत. ते शब्द लॅटिन भाषांतरकाराने पदरचे घातले असावेत, असे चिकित्सक म्हणत. सिनायच्या पोथीतील ग्रीक पाठात तेच शब्द होते. टिशेनडॉर्फने यावरून निष्कर्ष काढला, की दुसऱ्या शतकाच्या आरंभी मत्तयाचे शुभवर्तमान पवित्र ग्रंथ म्हणून मान्य झालेले होते. म्हणजेच ते त्याहून बरेच आधी लिहिले गेले असले पाहिजे.

पोथी विकत देण्यास मठाने नकार दिला. मठाच्या प्रमुखांच्या परवानगीने ती कैरोतील मठाच्या शाखेत आणवण्यात आली. तेथे एका वेळी आठ पाने मिळत. ती उतरवून परत केली, की पुढची आठ. दोन जर्मन सहकाऱ्यांच्या मदतीने टिशेनडॉर्फने सुमारे १,१०,००० ओळी नकलून काढल्या. मग सप्टेंबर १८५९ मध्ये, छपाईसाठी मूळ पोथी ताडून पाहता यावी म्हणून, ती त्याला उसनी देण्यात आली. मागणी होताच पोथी सुस्थितीत परत करीन, अशी लेखी पावती त्याने दिली. पोथी सेंट पीटर्सबर्गला गेली आणि सिनायला परत आली नाही. मठाच्या आर्चबिशपपदाचा वाद त्या काळात चिघळला होता आणि रशियाच्या शब्दाला वजन होते. अखेर १८६९ साली पोथी झारला अर्पण केल्याचा दस्तऐवज झाला आणि मठाला ९,००० रूबल मिळाले. दस्तऐवजामुळे व्यवहार कायदेशीर ठरला असे एक पक्ष मानतो. दडपणाखाली घेतलेली संमती ही संमती नव्हे, असे दुसरा पक्ष मानतो. पावती आजही मठाने जपून ठेवली आहे. धर्मग्रंथाची सेवा करताना दिलेल्या शब्दाचे काय झाले, हा प्रश्न टिशेनडॉर्फच्या चरित्राला कायमचा चिकटला.

१८६२ साली रशियन राज्याच्या सहस्रवर्षपूर्तीच्या निमित्ताने पोथीची चार खंडांची भव्य आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अक्षरांच्या वळणाबरहुकूम खास टंक पाडून ती छापली होती. त्याच वर्षी एक अनपेक्षित हल्ला झाला. कॉन्स्टंटाईन सिमोनिडीस या ग्रीक गृहस्थाने जाहीर केले, की ही पोथी प्राचीन नसून आपणच तरुणपणी लिहिली आहे. हा गृहस्थ बनावट हस्तलिखितांसाठी कुप्रसिद्ध होता आणि त्याची एक बनावट पोथी उघडकीस आणण्यात काही वर्षांपूर्वी टिशेनडॉर्फचाच हात होता. विद्वानांनी सिमोनिडीसचा दावा फेटाळला.

१८६५ साली टिशेनडॉर्फने सामान्य वाचकांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. आपली शुभवर्तमाने केव्हा लिहिली गेली, हाच तिचा विषय. तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली. तिच्यातील युक्तिवाद पायऱ्यापायऱ्यांनी मागे जातो. सुमारे १८० साली इरेनियस चार शुभवर्तमाने सर्वमान्य असल्याचे सांगतो. त्याच्या आधीच्या पिढीतील जस्टिन त्यांच्यातील मजकूर वापरतो. दुसऱ्या शतकातच लॅटिन आणि सिरियाक भाषांतरे होऊ लागतात. भाषांतर होण्यासाठी ग्रंथ आधी लिहिला, पसरला आणि मान्य झालेला असावा लागतो. यावरून चारही ग्रंथ पहिल्या शतकात जातात, असे त्याचे म्हणणे. या साखळीतील सर्व कड्या सारख्या भक्कम नव्हत्या. पिलाताच्या नावावरील एका उत्तरकालीन ग्रंथाला त्याने दिलेले महत्त्व पुढच्या अभ्यासकांनी अमान्य केले. चमत्कार घडले की नाही, याचे उत्तर तर ग्रंथाच्या काळावरून मिळतच नाही. तथापि भाविक आणि चिकित्सक या दोघांनाही पडताळता येईल अशा पुराव्यावर त्याने वाद आणून ठेवला, हे या पुस्तिकेचे खरे बळ होते.

परंतु जुनी पोथी ही आपल्या बाजूची साक्ष देण्यासाठी बोलावलेली असली, तरी ती फक्त सोयीचे तेवढेच सांगत नाही. सिनायच्या पोथीत मार्कचे शुभवर्तमान रिकाम्या कबरीपाशी, भयभीत झालेल्या स्त्रियांपाशी संपते. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या दर्शनाची पुढची बारा वचने तिच्यात नाहीत. व्हॅटिकनच्या पोथीतही नाहीत. व्यभिचाराच्या आरोपावरून आणलेल्या स्त्रीला येशूने क्षमा केल्याचा योहानातील हृद्य प्रसंगही या दोन्ही पोथ्यांत आढळत नाही. श्रद्धेच्या रक्षणासाठी निघालेल्या पंडितापुढे आता दोन वाटा होत्या. परिचित वचने ठेवून पोथीची साक्ष तळटीपेत ढकलणे, किंवा पुराव्याला मान देऊन प्रिय मजकूर बाजूला करणे.

टिशेनडॉर्फने दुसरी वाट निवडली. १८६९ ते १८७२ या काळात प्रसिद्ध झालेल्या आठव्या महावृत्तीत त्याने आपल्याच सातव्या आवृत्तीचा पाठ तीन हजारांहून अधिक ठिकाणी बदलला. मार्कची शेवटची बारा वचने आणि योहानातील तो प्रसंग त्याने मूळ पाठातून वगळला. यामुळे तो दोन्हीकडून टीकेचा धनी झाला. चिकित्सकांना त्याचा धार्मिक आवेश खटकत होता. परंपरानिष्ठांना त्याची कात्री खुपू लागली. इंग्लंडमधील धर्मपंडित जॉन बर्गन यांनी १८७१ साली त्याच बारा वचनांच्या समर्थनार्थ स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्वतः शोधलेल्या पोथीवर टिशेनडॉर्फने अवाजवी भरवसा ठेवला, ही टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. मात्र आपल्या शोधाला त्याने श्रद्धेच्या सोयीसाठी वाकवले, असे कोणालाही म्हणता आले नाही.

दरम्यान १८६६ साली व्हॅटिकनची पोथी त्याला पुन्हा पाहता आली, या वेळी ४२ तास. त्या आधारे पुढच्याच वर्षी त्याने तिच्या नव्या कराराची आवृत्ती काढली. रशियाने त्याला सरदारकी दिली. परंतु अविश्रांत श्रमांनी शरीर थकले होते. मे १८७३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि लेखणी थांबली. ७ डिसेंबर १८७४ रोजी लाइपझिग येथे, वयाच्या साठाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. ज्याच्या ग्रंथाने हे सारे वादळ उठवले, तो स्ट्राउस त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत वारला होता. आठव्या आवृत्तीची प्रस्तावना अपुरी राहिली. ती कॅस्पर रेने ग्रेगरी या अभ्यासकाने पुढे अनेक वर्षे खपून पूर्ण केली.

पोथीचा प्रवास मात्र संपला नव्हता. १९३३ साली सोव्हिएत सरकारने ती ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकली आणि त्या रकमेचा मोठा वाटा सामान्य नागरिकांच्या वर्गणीतून उभा राहिला. १९७५ साली सेंट कॅथरिन मठात एक बंद पडलेली खोली उघडली, तेव्हा याच पोथीची आणखी पाने आणि तुकडे मिळाले. आज तिची पाने लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाय अशी चार ठिकाणी विखुरलेली आहेत. या चारही संस्थांनी एकत्र येऊन २००९ साली संपूर्ण पोथी संगणकाच्या पडद्यावर सर्वांसाठी खुली केली. तीन वेळा वाळवंट तुडवून जे पाहायला टिशेनडॉर्फ गेला, ते आता पणजीतल्या किंवा बेळगावातल्या वाचकालाही घरबसल्या पाहता येते.

ज्या वादासाठी त्याने आयुष्य वेचले, त्याचेही पुढे बरेच काही झाले. १९३५ साली इजिप्तमधील पपायरसचा तळहाताएवढा एक तुकडा प्रसिद्ध झाला. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातील काही ओळी होत्या आणि अभ्यासकांनी तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील ठरवला. त्या तुकड्याच्या नेमक्या काळाविषयी आजही चर्चा चालू आहे. पण बाउर यांनी ठरवलेला उशिराचा काळ आता मानला जात नाही. बहुतेक अभ्यासक चारही शुभवर्तमाने पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात. त्याच वेळी मार्कची शेवटची वचने कंसात किंवा टीपेसह छापण्याची पद्धत अनेक भाषांतील बायबलमध्ये रूढ झाली आहे. पहिल्या गोष्टीत टिशेनडॉर्फची श्रद्धा सुखावली असती आणि दुसरीत त्याच्या प्रामाणिकपणाचा वाटा आहे. चिकित्सेला घाबरून ग्रंथ पेटीत बंद करण्यापेक्षा त्याची सर्वांत जुनी पाने उजेडात आणावीत, हे त्याने आयुष्यभर केले. आणि त्या उजेडात मठाला दिलेली त्याची पावतीही तितकीच स्पष्ट वाचता येते.